रिश्तानच्या घरातलं पुस्तक

परदेशी जायचं तर शाळेची परवानगी लागते. मी अर्ज दिला आणि त्यात 'उझबेकिस्तान - ताश्कंद, कोकंद, रिश्तान, मर्गीलान, अंदिजान' असं लिहिलं. अर्ज हेडसरांच्या टेबलावर पोहोचायच्या आत स्टाफरूममध्ये पोहोचला. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, अंदिजान म्हणजे बाबरचं गाव ना? म्हणजे माहेरी चाललात!" सगळे हसले. मीही हसले.

हे सर वाईट नाहीत. माझ्या मुलीच्या बारावीच्या वेळी गणिताची शंका विचारायला आम्ही त्यांच्याच घरी जायचो. एक पैसाही त्यांनी घेतला नाही. पण हसले ते माझ्या लक्षात राहिलं. चाळिशी ओलांडल्यावर माणसाला कळायला लागतं की आपण किती ठिकाणी नुसतं हसून वेळ मारून नेलेली आहे.

इकडे मोहल्ल्यात वेगळीच चर्चा. "एवढ्या पैशात तर उमरा झाला असता." त्यांचंही चुकीचं नव्हतं. पण माझ्या डोक्यात हे खूळ फार जुनं होतं. अब्बा एका छोट्या मशिदीत पेशइमाम होते. त्यांच्याकडे 'हिदाया'चे जाड जाड भाग होते, समासात बारीक अक्षरात टिपणं भरलेली. फिक्हचं हे पुस्तक आपल्याकडच्या मदरशांत आजही शिकवलं जातं. लिहिणाऱ्याचं नाव बुरहानुद्दीन मर्गीनानी, वफात ११९७ साली. लहानपणी मला वाटायचं मर्गीनानी हे आडनाव असणार, आपल्याकडच्या सोलापुरे, नांदेडकरसारखं. आणि ते खरंच तसंच निघालं! मर्गीनान, म्हणजे आजचं मर्गीलान, हे गाव फरगाना खोऱ्यात आहे. बाबरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की हिदायाचा कर्ता मर्गीनानजवळच्या रिश्तान नावाच्या खेड्यातला. अब्बा गेले, पुस्तकं धाकट्या भावाकडे गेली, माझ्याकडे ते गावाचं नाव उरलं.

नवऱ्याला हिदायाशी काही देणंघेणं नव्हतं. ते एसटीत कंडक्टर, बावीस वर्षं झाली. त्यांचं म्हणणं एवढंच की जन्मभर लोकांना तिकिटं फाडून दिली, एकदा आपणही लांबचं तिकीट काढू. अट एकच होती: टूर कंपनी नको. "झेंड्याच्या मागं चलनेकू मेरेसे नै होता," हे त्यांचं वाक्य.

तेव्हा मे महिन्याची सुट्टी धरून निघालो. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसचा स्लीपर, दिल्लीहून ताश्कंदचं विमान. भारतीयांना ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, फी वीस डॉलर. विमान तीनेक तासांचं. म्हणजे ताश्कंदपेक्षा दिल्लीच आम्हाला कितीतरी लांब पडली. बॅगेत दोन सोलापुरी चादरी (कुणाला तरी द्यायला म्हणून), ज्वारीच्या कडक भाकरीची थप्पी आणि शेंगा चटणीचा डबा. चटणीचं पुढे काय झालं ते सांगते.

ताश्कंदबद्दल फार लिहीत नाही. मोठं, स्वच्छ, रुंद रस्त्यांचं शहर आहे, आणि ते बघितलेल्या लोकांनी त्यावर भरपूर लिहिलंय. आम्हाला खेड्यात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकंदची गाडी पकडली. डब्याला तिथे 'प्लात्सकार्त' म्हणतात. आपला स्लीपरच, फक्त गादी-चादर मिळते. तिकीट माणशी सहाशे रुपयांच्या आसपास पडलं. नवऱ्याने खिडकीवर विचारलं की बायकांना अर्धं तिकीट आहे का. आपल्याकडे २०२३ पासून एसटीत आहे, तसं. खिडकीतल्या बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी हसून छातीवर हात ठेवला. हा छातीवरचा हात पुढे बारा दिवस जागोजागी भेटत राहिला. कुणी सलाम करताना ठेवायचं, कुणी नाही म्हणताना.

फरगाना खोरं चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. पूर्वी ताश्कंदहून तिकडे जाणारी रेल्वे ताजिकिस्तानातून जायची. २०१६ साली कामचिक घाटाखालून एकोणीस किलोमीटरचा बोगदा झाला, चिनी कंपनीने खणलेला. गाडी त्यात शिरली आणि पंधरा मिनिटं अंधार. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी तेवढ्या अंधारात पिशवीतून नान काढली, हाताने तोडली आणि उजेड आला तेव्हा माझ्यासमोर तुकडा धरलेला होता. तिथे भाकरी सुरीने कापत नाहीत, पालथी ठेवत नाहीत. आमच्याकडेही भाकरी पालथी ठेवली की अम्मी ओरडायची. मी डब्यातली कडक भाकरी काढून त्यांना दिली. त्यांनी दाताखाली धरली, कवळीकडे बोट दाखवलं आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

कोकंदहून रिश्तानला जायला 'दामास' मिळते. आपल्या मारुती ओम्नीची बहीणच म्हणा. सात माणसं भरली की सुटते, त्याआधी सुटत नाही. वडापला सरावलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही. फक्त एक वेगळं होतं. वाटेत गॅस भरायला गाडी थांबली की पंपाच्या बाहेरच सगळ्यांना उतरवतात. रिकामी गाडी आत जाते, भरून बाहेर येते, मग पुन्हा चढायचं. गाड्या मिथेनवर चालतात म्हणून ही काळजी. नवऱ्याला ही शिस्त इतकी आवडली की ते पुढच्या प्रत्येक पंपावर सगळ्यात आधी उतरायचे आणि बाकीच्यांना हाताने 'चला चला' करायचे. डबल बेल द्यायचीच तेवढी बाकी होती.

पंपाबाहेर बाकड्यावर बसलेली असताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "हिंदिस्तोन?" मी मान हलवली. "शाहरुख खान! मिथुन!" हे ठरलेलं होतं. तिथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला 'डिस्को डान्सर' पाठ असतो. मग तिने माझा पेशा विचारला. मी म्हणाले, "मुअल्लिमा." ती एकदम माझ्याकडे सरकून बसली. तीही मुअल्लिमा, प्राथमिक शाळेत. 'ओपा' म्हणायला लागली मला. आपल्या 'आपा'चाच उच्चार. तिने खिडकीबाहेरच्या शेताकडे बोट दाखवून आपले दोन्ही हात पुढे केले आणि काहीतरी तोडून कमरेच्या झोळीत टाकल्याची नक्कल केली. पाख्ता, म्हणजे कापूस. फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने कळलं ते असं: सोव्हिएत काळापासून दर शरद ऋतूत शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी सगळ्यांना कापूस वेचायला पाठवायचे. तिनेही कितीतरी वर्षं वेचला. दिवसाचा वजनाचा आकडा पुरा करायचा, नाही झाला तर पदरचे पैसे घालून दुसऱ्याचा कापूस विकत घ्यायचा. या सक्तीविरुद्ध जगभरच्या कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला होता. तो २०२२ च्या मार्चमध्ये उठला, सक्ती बंद झाली असं मान्य झाल्यावर. बाई म्हणाली, आता शाळेतच असते.

मी तिला फोनवर टाइप करून आपल्याकडची जनगणना, निवडणुकीची ड्यूटी आणि शौचालयांचा सर्व्हे सांगितला. तिने वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. कापसाइतकं ते नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण दोन मास्तरणी भेटल्या की गाऱ्हाणं सांगायचंच असतं, त्याला देशाची अट नसते.

हीच बाई आम्हाला रिश्तानच्या स्वस्त गेस्टहाऊसवर सोडायला आली. दिवसाला दोघांचे वीस डॉलर, सकाळचा नाश्ता त्यातच. नाश्त्याला अंडी, मलई, जर्दाळूचा मुरंबा आणि तुती. ही तुती तिथेही 'तूत'च. आंगणात झाडाखाली चादर पसरून फांदी हलवायची, टपटप पडतात. शब्दांची अशी ओळख सतत लागत होती: बाजार, दुकान, मेहमान, दस्तरखान, अनार. पण ओळखीचे शब्द फसवतातही. खाणावळीत मी ऐटीत 'सब्जी' मागितली. ताटभर गाजर आलं. उझबेकीत सब्जी म्हणजे फक्त गाजर! आणि 'पूल' म्हणजे पैसे. उर्दूच्या शिक्षिकेला हे चांगलंच झालं, जरा जमिनीवर आले.

मांसाहाराची चिंता नव्हती, पण पुलावावर गोल चकत्या दिसल्या तेव्हा विचारलं. घोडा. घोड्याचं मांस इमाम अबू हनीफांनी मकरूह ठरवलं आणि त्यांच्या दोन शिष्यांनी जायज मानलं, हा मतभेद हिदायातच आहे. हिदायावाल्याच्या गावचे लोक शिष्यांच्या बाजूचे दिसले. आम्ही चकत्या बाजूला केल्या आणि भात खाल्ला. देवझिरा नावाचा तांबूस तांदूळ असतो, तो तेल-रस पिऊन टच्च फुगतो. त्या भाताबद्दल मी अजून कुणालाही नीट सांगू शकलेली नाही.

रिश्तान हे कुंभारांचं गाव. तिथली लालसर माती आणि 'इश्कोर' नावाचा लुकण, रानातल्या खारट झुडपांची राख करून बनवलेला. त्यातून जो निळा-हिरवा रंग उतरतो तो बघायला परदेशी लोक येतात, वाट्या-थाळ्या घेतात आणि दोन तासांत जातात. आम्ही चार दिवस राहिलो कारण आमच्याकडे दुसरं काही ठरलेलं नव्हतं. कमी पैशात फिरणाऱ्याकडे वेळ तेवढा भरपूर असतो.

मुअल्लिमाबाईंनी आम्हाला तिसऱ्या दिवशी तिच्या सासरी नेलं. गावाबाहेर, पाटाच्या कडेने तुतीची झाडं, सगळी वरून छाटलेली, मुठी वळून उभी असल्यासारखी. मे महिना म्हणजे रेशमाच्या किड्यांचा महिना. सरकारी यंत्रणेकडून अंडी घरोघर येतात आणि महिनाभर घर किड्यांचं होतं. त्या घरातल्या दोन मोठ्या खोल्या त्यांनी व्यापलेल्या, माणसं ऐवानात, म्हणजे पुढच्या ओसरीवर झोपत होती. आत जायच्या आधी सूनबाईंनी माझा हात हुंगला. अत्तर लावलंय का बघत होती, वासाने किडे बिघडतात. आत गेले तर पाऊस पडत होता! बाहेर कोरडं ऊन आणि आत पावसाचा आवाज. हजारो किडे पानं खात होते, त्याचा तो आवाज. शेवटच्या आठवड्यात दिवसातून कितीतरी वेळा फांद्या टाकाव्या लागतात, रात्रीही उठून. ही रात्रीची पाळी बायकांची. मर्गीलानचं रेशीम, अटलस, अद्रस, सगळं पुढचं कौतुक. मागे ही झोपमोड आहे. सोलापुरात मागावर बसून कान गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे कुठल्याही सुंदर कापडाकडे बघताना माझं मन आधी तिकडे जातं.

दुपारी ओसरीवर चहा. पियाल्यात चहा अर्धाच ओततात. भरून दिला तर 'पिऊन निघा' असा अर्थ होतो म्हणे. घरात एक पंचाऐंशीच्या घरातले म्हातारे होते, सगळे त्यांना 'ओता' म्हणत. त्यांची नात कॉलेजात इंग्रजी शिकणारी, तीच आमची दुभाषी. मी चादर दिली. त्यांनी ती उलगडून उन्हात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि खरा जाणकार उलटीच बाजू आधी बघतो. शेंगा चटणी मात्र चुकले. ओतांनी चमचाभर तोंडात टाकली. पुढची पाच मिनिटं घरात जी धावपळ झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. म्हातारे डोळे पुसत होते आणि हात छातीवर ठेवून 'रहमत, रहमत' म्हणत होते. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

ते जरा शांत झाल्यावर नातीने विचारलं, तुम्ही काय शिकवता? मी म्हणाले, मराठी आणि उर्दू. उर्दू कशी लिहितात? मी तिच्या वहीवर तिचं नाव लिहून दाखवलं. ओता पुढे वाकले. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे. मग सुनेला काहीतरी म्हणाले. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने एक कापडी बासन घेऊन आली.

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल. उझबेकी आधी आपल्या उर्दूसारखीच अरबी लिपीत लिहीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती लिपी काढून लॅटिन आणली. १९४० मध्ये लॅटिन काढून रशियन लिपी. देश स्वतंत्र झाल्यावर १९९३ च्या कायद्याने पुन्हा लॅटिन. म्हणजे पणजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही, आणि काही घरांत आजोबांचंही नाही. त्यात १९३० च्या दशकात अरबी लिपीतलं पुस्तक घरात सापडणं धोक्याचं होतं. लोकांनी पुस्तकं जाळली, पुरली, भिंतीत चिणली. हे पुस्तक भिंतीतून निघालेलं. घर दुरुस्त करताना सापडलं. गावच्या इमामांना दाखवलं, ते म्हणाले कुराण नाही, फारसी काहीतरी आहे. पुढच्या कोऱ्या पानावर हाताने लिहिलेलं होतं ते मात्र त्यांना लागलं नाही. तेव्हापासून ते बासनात.

मी उघडलं. छापील मजकूर मला सहज वाचता येत होता: मिर्झा बेदिलचा दीवान. बेदिल म्हणजे आपल्या पाटण्यात जन्मलेला, दिल्लीत दफन झालेला फारसी कवी. भारतात त्याला आता अभ्यासक सोडून फारसं कुणी वाचत नाही, पण तिकडे ओतांना त्याचं नाव ठाऊक होतं. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव होतं, नवल किशोर, आणि गाव कानपूर. मी बोट ठेवून म्हणाले, "हिंदिस्तोन." उत्तर हिंदुस्तानात छापलेली पुस्तकं त्या काळी उंटांवरून, रेल्वेने बुखारा-ताश्कंदच्या बाजारात जात हे मी वाचलेलं होतं. हातात धरायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

ओतांना त्याच्याशी मतलब नव्हता. त्यांनी पुढचं पान उलटून हाताने लिहिलेलं दाखवलं. हे काय आहे?

घसटतं नस्तालिक, शाई तांबूस झालेली, वरचा कोपरा कुरतडलेला. भाषा फारसी नव्हती, त्यांची तुर्की होती. म्हणजे मला अक्षरं येत होती आणि शब्द येत नव्हते. मी पहिलीच्या मुलासारखं अक्षर लावून लावून मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या ओळीत दोनदा चुकले. मग म्हणाले, "ओग्लुम..." आणि घर एकदम गप्प झालं. नात म्हणाली, "माझा मुलगा." पुढे नाव होतं, ओतांच्या थोरल्या भावाचं, ते वारलेले. पुढे 'तवल्लुद' आणि सन १३५२. तवल्लुद मला येतं, जन्म. हे आपल्याकडेही होतं की! आमच्या अम्मीकडे जुन्या किताबीच्या पुठ्ठ्याच्या आत आम्हा पाचही भावंडांचे जन्म लिहिलेले आहेत, तारीख, वार आणि फजरनंतर की असरनंतर ते.

दुसरी ओळ. मी वाचलं, "क़िज़िम." मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी वाचून पुढे गेले, एक मुलीचं नाव लावलं, तवल्लुद, सफर १३५५. वर बघितलं तर सगळे एकमेकांकडे बघत होते. क़िज़िम म्हणजे माझी मुलगी. ओतांना बहीण नव्हती. निदान ऐंशी वर्षं तरी कुणी तसं सांगितलं नव्हतं.

आणि त्याच ओळीत पुढे मला दिसलं, वफात, मुहर्रम १३६०. हा शब्द मला पूर्ण येत होता. मी थांबले. जी ओळ मी अर्थ न कळता खडाखडा वाचत आले होते तिचा हा एक शब्द आता तोंडातून निघेना. आपण कोण? चार दिवसांचे मेहमान, सकाळी यांच्या म्हाताऱ्याला चटणीने रडवलं, आता हे. नवऱ्याने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "क्या हुआ?" मी त्यांना आमच्या बोलीत सांगितलं. ते म्हणाले, "पढ दे. उनकी किताब है, अपनी नै."

मी वाचलं. पाच वर्षांच्या आतली गेली ती मुलगी. ओता तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे, कारण तिसरी ओळ त्यांची होती: ओग्लुम, त्यांचं नाव, रमजान १३५७. फोनवर हिजरी सनाचं गणित केलं तर १९३८ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर निघाला. त्यांच्या पासपोर्टवर १ जानेवारी १९४० आहे. चौथी ओळ नव्हती. १९४१ च्या उन्हाळ्यात युद्ध सुरू झालं, वडील गेले ते आलेच नाहीत.

बराच वेळ कुणी बोललं नाही. आतून तेवढा पानं खाल्ल्याचा आवाज. मग ओता सावकाश काहीतरी म्हणाले, आणि नातीने सांगितलं ते तिच्याच शब्दात देते: "आजोबा म्हणतात, त्यांची आई शेवटच्या आजारात एक नाव घेऊन हाक मारायची. सगळ्यांना वाटायचं तिच्या धाकट्या बहिणीला बोलावतेय, नाव जवळपास तसंच होतं. मावशीला आणून समोर बसवलं तरी ती हाक मारतच राहिली." ते नाव मी इथे लिहीत नाही. मीच ते पहिल्यांदा मोठ्याने वाचलं, तेही दुसऱ्या प्रयत्नात बरोबर.

ओतांनी दोन्ही हात वर केले. सगळ्यांनी केले, आम्हीही. दुआ झाली, हात चेहऱ्यावरून फिरले, आमीन. आणि मग म्हातारे डोळे बारीक करून नवऱ्याकडे वळले. सव्वा वर्ष मोठा आहे म्हणजे पेन्शन सव्वा वर्ष आधी मिळायला हवी होती, ती आता कुणाकडे मागू? नवरा म्हणाले, एसटीत पण असंच आहे, शाळेच्या दाखल्यावर जे असेल ते खरं. हे भाषांतर व्हायला वेळ लागला, पण झालं.

निघताना मी पानाचे चार-पाच फोटो काढून नातीला दिले आणि कागदावर प्रत्येक ओळ उझबेक लॅटिनमध्ये लिहून ठेवली. एक शब्द अखेरपर्यंत लागला नाही, मुलीच्या ओळीतला, नाव आणि तवल्लुदच्या मधला. तिथेच कीड लागलीय. ती जागा कागदावर मोकळी सोडली.

त्यानंतर मर्गीलान झालं. अब्बांच्या वतीने मी तिथल्या बाजारात उभी राहिले, अमुक एक भावना येईल असं वाटलं होतं, तशी काही आली नाही. ऊन फार होतं. चेरी घेतल्या.

आणि अंदिजान, 'माहेर'. चौकात घोड्यावरचा बाबर, बाबरच्या नावाचा रस्ता, गावाबाहेर टेकडीवर बाग आणि तिथे काबूल-आग्र्याहून आणलेल्या मातीची प्रतीकात्मक कबर. तिथली मुलं शाळेत त्याच्या गझला शिकतात, त्यांच्या लेखी तो आधी कवी. मी म्युझियममध्ये फिरत होते आणि मला आत कुठे काही लागतं का ते तपासत होते. खरं सांगायचं तर परक्याचं घर बघत असल्यासारखं वाटलं. हा माणूस १४८३ मध्ये इथे जन्मला, बाराव्या वर्षी गादीवर बसला, गाव हातचं गेलं आणि जन्मभर त्याची आठवण काढत राहिला. आपल्या देशाबद्दल त्याने काय लिहिलंय ते वाचा. चांगले घोडे नाहीत, द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, बर्फ नाही, बाजारात धड भाकरी नाही. गडचिरोलीला बदली झालेला पुण्याचा मास्तर असंच बोलतो. पुढे एकदा खरबूज कापताना रडला होता म्हणे. मी मे महिन्यात गेले, खरबुजांचा हंगाम नव्हता. पण बागेतल्या बाकावर बसून नवऱ्याने कडक भाकरीचा शेवटचा तुकडा शेंगा चटणीशी खाल्ला आणि म्हणाले, "घर कब जाना?" तेव्हा बाबरचं दुःख मला नेमकं कळलं, फक्त दिशा उलटी होती.

शाळा सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये सुके जर्दाळू वाटले. त्या सरांनी दोन घेतले आणि विचारलं, "काय मॅडम, कसं होतं माहेर?" मी या वेळी हसले नाही. म्हणाले, "सर, माझं माहेर बार्शी. तुम्ही आलाय तिथे, माझ्या भावाच्या लग्नाला." ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "हो, जेवण छान होतं." आणि तिसरा जर्दाळू घेतला. त्यांना समजलं की नाही, सांगता येत नाही. खर्चाचं विचाराल तर व्हिसा, विमान, खाणं-राहणं धरून बारा दिवसांचे दोघांचे एक लाखाला थोडे जास्त, त्यातले निम्म्याहून अधिक विमानाचे.

उझबेकिस्तानात सगळे टेलिग्राम वापरतात. नातीच्या आग्रहाने मीही घेतलं. गेल्या आठवड्यात तिने एक फोटो पाठवला. बेदिलच्या त्याच कोऱ्या पानावर, आजोबांच्या ओळीच्या बरंच खाली, तिने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलंय, अरबी अक्षरांत, व्हिडिओ बघून शिकून. अक्षर पहिलीच्या मुलाचं असतं तसं. तिच्या नावात शीन आहे, त्यावर तीन ठिपके हवेत, तिने दोनच दिले होते. मी फोटोवर लाल रंगाने तिसरा ठिपका दिला आणि परत पाठवला.